बेंजामिन फ्रँकलिनची शब्दसंपत्ति

इंग्रजी चांगलें यावें म्हणून कोशांतील कठीण शब्दांच्या याद्या पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. परंतु निबंध लिहितांना ते शब्द आठवत नाहींत, आणि आठवलेच तर भलत्या जागीं बसतात. अशांनीं बेंजामिन फ्रँकलिनच्या बालपणाकडे पाहावें.

त्याचा जन्म १७०६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झाला. वडील मेणबत्त्या व साबण करीत, मुलें सतरा. दहाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षीं तो थोरला भाऊ जेम्स ह्याच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला.

स्त्रियांना शिक्षण द्यावें कीं नाहीं, ह्याविषयीं त्याचा एका मित्राशीं पत्रांतून वाद चालला होता. फ्रँकलिन शिक्षणाच्या बाजूचा. तीं पत्रें वडिलांच्या हातीं पडलीं. वादांत न शिरतां त्यांनीं मुलाला दाखवून दिलें कीं, शुद्धलेखनांत तो सरस असला तरी भाषेचा डौल, मांडणी व स्पष्टपणा ह्यांत मित्राहून उणा आहे. रुसून न बसतां त्यानें सुधारण्याचा निश्चय केला.

पुढें लंडनच्या 'स्पेक्टेटर' पत्राचा एक सुटा खंड त्याला मिळाला. त्यांतील निबंध वाचून तो प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यांत टिपून ठेवी; कांहीं दिवसांनीं पुस्तक न उघडतां तोच निबंध स्वतःच्या शब्दांत लिही, आणि मुळाशीं ताडून चुका सुधारी. तेव्हां आपला शब्दांचा सांठा अपुरा आहे, हें त्याला कळून आलें. म्हणून कांहीं कथा तो पद्यांत उतरवूं लागला. कारण वृत्त व यमक साधण्यासाठीं एकाच अर्थाचे निरनिराळे शब्द शोधावे लागतात आणि शोधलेला शब्द मनांत ठसतो. मूळ विसरल्यावर तें पद्य तो पुन्हां गद्यांत आणी. हा अभ्यास रात्रीं, पहांटे व रविवारीं चाले. त्यापायीं तो उपासना चुकवी, हें मात्र अनुकरणीय नव्हे.

१७२२ सालीं, सोळाव्या वर्षीं, त्यानें एका विधवेच्या नांवानें भावाच्या वृत्तपत्रासाठीं चौदा पत्रें लिहिलीं. पहिलें पत्र रात्रीं छापखान्याच्या दाराखालून सरकवलें. भावाच्या मित्रांनीं तें वाचून लेखक कोणी विद्वान् गृहस्थ असावा, असा तर्क केला!

पुढें तो शास्त्रज्ञ व मुत्सद्दी म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि १७९० सालीं मरण पावला.

विद्यार्थ्यांनो, कोश जवळ असावाच. पण शब्द आपला होतो तो वापरल्यानें, आणि आपली चूक आपणच शोधल्यानें. पालकांनींही त्या पित्याप्रमाणें पाल्याच्या वह्या कधीं उघडून पाहाव्या.