दोन भाषांचा वारसदार : सखाराम गणेश देउस्कर

बृहन्महाराष्ट्रातील माणसाला आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. आडनाव एका प्रांताचे आणि जन्मगाव दुसऱ्या प्रांताचे, अशी त्याची स्थिती असते. महाराष्ट्रात गेला की तो बाहेरचा ठरतो आणि जिथे त्याच्या चार-पाच पिढ्या नांदल्या तिथेही त्याला मूळ गाव विचारले जाते. महाराष्ट्राबाहेर मराठी ग्रंथांचे एखादे भांडार शंभर वर्षे जपले जाते, त्यामागेही हाच प्रश्न असतो. या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्यानेच उत्तर दिले अशा एका पुरुषाचे स्मरण अशा प्रसंगी करणे उचित होईल. ते पुरुष म्हणजे 'देशेर कथा' या बंगाली ग्रंथाचे कर्ते सखाराम गणेश देउस्कर. बंगालमध्ये आणि हिंदी प्रदेशात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मराठी वाचकाला मात्र त्यांचा परिचय त्या मानाने थोडाच आहे.

सखारामपंतांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी देवघरजवळच्या करौं या गावी झाला. देवघर म्हणजे वैद्यनाथाचे प्रसिद्ध क्षेत्र. त्या काळी हा संथाळ परगण्याचा मुलूख बंगाल इलाख्यात मोडत असे. सखारामपंतांच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १९१२ साली, तो नव्या बिहार-ओरिसा प्रांतात गेला आणि २००० सालापासून तो झारखंडात आहे. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचा प्रांत बदलू शकतो, हे सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. देउस्कर घराण्याचे मूळ कोकणातील देऊस गावचे मानले जाते. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार पूर्वेकडे होत असताना हे कुटुंब त्या दूरच्या मुलखात जाऊन स्थायिक झाले. म्हणजे सखारामपंतांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या घराने कोकण सोडून शंभर वर्षे उलटून गेली होती.

इतक्या काळात भाषा टिकते कशी? सखारामपंतांच्या बाबतीत ती एका स्त्रीमुळे टिकली. पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि त्यांचा सांभाळ त्यांच्या विधवा आत्याने केला. या आत्याबाईंचा मराठी ग्रंथांशी चांगला परिचय होता. मराठीची गोडी सखारामपंतांना लागली ती त्यांच्याकडून. त्या मुलखात ना मराठी शाळा होती, ना मराठी शेजार. बाहेर पाऊल टाकले की बंगाली कानी पडे. मुलाचे वेदाध्ययन झाले, बंगालीही तो शिकला आणि त्या भाषेत असा रमला की पुढे त्याचे सारे महत्त्वाचे लेखन तिच्यातच झाले. मराठी ही त्याची वारशाने आलेली भाषा, तर बंगाली ही कर्तृत्वाची. या दोहोंत त्याने कधी भांडण लावले नाही.

१८९१ साली देवघरच्या शाळेतून ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ साली त्याच शाळेत शिक्षक झाले. बंगालच्या राष्ट्रीय जागृतीचे एक आद्य प्रवर्तक राजनारायण बसू त्या वेळी देवघरास राहत असत. त्यांच्या सहवासाने तरुण सखारामपंतांच्या विचारांना दिशा मिळाली. राजनारायणबाबूंचे नातू अरविंद घोष याच सुमारास, १८९३ साली, वडोद्याला सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले होते आणि तिथे मराठी शिकत होते. इकडे एक मराठी माणूस बंगालीत लिहू लागला होता आणि तिकडे एक बंगाली माणूस मराठी वाचू लागला होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बंगाल आणि महाराष्ट्र राजकारणात एकमेकांच्या जवळ आले, त्याची पूर्वतयारी अशा माणसांनी केली होती.

शिक्षकाची नोकरी फार काळ टिकली नाही. देवघरच्या एका इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या जुलमी कारभारावर सखारामपंतांनी कलकत्त्याच्या 'हितवादी' पत्रात लेख लिहिले. नोकरीवर गदा येणार असे दिसताच ती सोडून ते कलकत्त्यास गेले आणि त्याच पत्रात मुद्रिते तपासण्याचे काम करू लागले. ज्या भाषेत ते दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करीत होते ती त्यांच्या पूर्वजांची भाषा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या बंगालीवरील प्रभुत्वाची कल्पना येते. पुढे याच पत्राचे संपादकपद त्यांच्याकडे आले.

परंतु बंगालमध्ये मराठा म्हणून वावरणे ही सोपी गोष्ट नव्हती. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या घोडदळाने पश्चिम बंगालची गावे लुटली, जाळली आणि लोकांचे अतोनात हाल केले. १७४४ साली अलीवर्दीखानाने भेटीच्या निमित्ताने बोलावून भास्कररामांचा वध करविला. अखेर १७५१ च्या तहाने दरसाल बारा लाख रुपये चौथाई ठरली तेव्हा हे प्रकरण मिटले. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार तो आपला बारगीर. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि बर्गी आले असे सांगून आया मुलांना निजवू लागल्या. इतिहासाच्या पुस्तकातून एखादी गोष्ट पुसता येईल, पण अंगाईगीतातून ती पुसता येत नाही. सखारामपंतांच्या समवयस्क बंगाली मित्रांनी मराठ्यांचे नाव प्रथम ऐकले असेल ते बहुधा अशाच गाण्यातून.

अशा वेळी दोन वाटा मोकळ्या असतात. एक, आपले मूळ झाकून पूर्णपणे बंगाली होऊन जाण्याची. दुसरी, मूळचा अभिमान कवटाळून आपल्यापुरते वेगळे राहण्याची. सखारामपंतांनी यातील एकही पत्करली नाही. देउस्कर हे आडनाव त्यांनी बदलले नाही आणि मराठ्यांची ओळख बंगाली वाचकाला बंगालीतच करून देण्याचे काम अंगावर घेतले. न्यायमूर्ती रानडे यांचे चरित्र १९०१ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांनी प्रसिद्ध केले. पाठोपाठ बाजीराव आणि शिवाजी महाराज यांच्यावरील पुस्तके आली. १९०२ पासून कलकत्त्यास शिवाजी उत्सव सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९०४ साली त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी शिवाजी उत्सवावरील आपली प्रसिद्ध कविता लिहिली. ज्या प्रांतात मराठ्यांच्या नावाने मुले भिऊन निजत होती, त्याच प्रांताच्या थोर कवीने साऱ्या देशाला एकत्र आणणारा पुरुष म्हणून शिवाजी महाराजांचे स्तवन करावे, हा बदल थोडाथोडका नव्हे.

या उत्सवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०६ सालच्या उत्सवास लोकमान्य टिळक, खापर्डे आणि मुंजे कलकत्त्यास आले होते. त्या वेळी भवानीच्या मूर्तीची पूजा झाली. ती ब्राह्मसमाजातील अनेकांना रुचली नाही आणि बंगालमधील मुसलमान समाजही अशा उत्सवापासून दूरच राहिला. राष्ट्राची ओळख एका धर्माच्या चिन्हांतून मांडली की काही लोक उंबऱ्याबाहेर राहतात, हा धडा त्या काळाने दिला. सखारामपंतांचा गौरव करताना तो नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्यांच्या ज्या ग्रंथाने इतिहास घडविला त्यात मात्र असा उंबरा नव्हता. 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजीत जे आकड्यांनिशी सिद्ध केले होते ते सखारामपंतांनी साध्या बंगालीत सामान्य वाचकापुढे ठेवले. कारागिरांचे धंदे कसे बुडाले, शेतकरी कर्जात कसा रुतला, दुष्काळ का पडतात आणि देशाचे धन बाहेर कसे वाहून जाते, हे त्यांनी उलगडून दाखविले. परकी सत्ता केवळ मुलूख जिंकत नाही, ती मनही जिंकून त्यास भूल घालते, असाही विचार त्यांनी त्यात मांडला. या ग्रंथातील भुकेला विणकर मराठी आहे की बंगाली, हिंदू आहे की मुसलमान, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो या देशाचा आहे एवढेच पुरे होते. देशाची व्याख्या रक्तावरून वा बोलीवरून न करता समान दुःखावरून करणे, हे सखारामपंतांचे खरे योगदान होय.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीच्या चळवळीत हा ग्रंथ घरोघर पोहोचला. स्वराज्य हा शब्द बंगालच्या राजकारणात आणण्याचे श्रेय अरविंदबाबूंनी पुढे याच ग्रंथकाराला दिले. शिवकालापासून मराठीत रुळलेला हा शब्द, १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून दादाभाईंनी उच्चारला आणि तो साऱ्या देशाचा झाला. अखेर १९१० साली सरकारने 'देशेर कथा' जप्त केला.

निष्ठेची परीक्षा त्यांना स्वतःलाही द्यावी लागली. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हा 'हितवादी'च्या मालकांची इच्छा होती की पत्राने टिळकांच्या विरोधात लिहावे. सखारामपंत टिळकांना गुरुस्थानी मानीत. त्यांनी संपादकपद सोडले आणि राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात अध्यापन पत्करले. तिथे त्यांनी शिकविलेले विषय होते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास. मराठी आडनावाचा माणूस बंगाली मुलांना बंगाली शिकवतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही, यापरते त्यांच्या स्वीकृतीचे प्रमाण दुसरे कोणते? १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्या खटल्याची हकिगत आणि टिळकांचे संक्षिप्त चरित्र त्यांनी बंगालीत लिहून काढले. ग्रंथजप्तीनंतर ही नोकरीही सुटली. पत्नी आणि मुलगा यांच्या मृत्यूचे आघात सोसून, २३ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची त्रेचाळीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती.

त्यांचा वारसा मात्र तिसऱ्या भाषेत गेला. नात्याने त्यांचे भाचे असलेले बाबूराव विष्णु पराडकर काशीस जन्मले आणि हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ झाले. त्यांनी 'देशेर कथा' हिंदीत आणला. मामा बंगालीचे, भाचे हिंदीचे आणि आडनावे दोघांचीही कोकणातली. यात मराठीची हानी झाली असे कोणी म्हणेल. परंतु करौंच्या घरी आत्याबाईंनी त्या पोरक्या मुलास मराठी दिली नसती, तर बंगालला तिचा देउस्कर मिळाला नसता, असे मला वाटते. ज्याच्याजवळ स्वतःचे काही असते तोच दुसऱ्याला काही देऊ शकतो.

म्हणून सखारामपंत मराठी की बंगाली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयाने त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की आपल्या कपाटातील पुस्तके आपल्या मुलांपर्यंत पोहोचवावीत आणि त्यांतील सत्त्व शेजाऱ्यांच्या भाषेतही न्यावे. पहिले काम आत्याबाईंनी केले, दुसरे सखारामपंतांनी. आपल्या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकासाठी ही दोन्ही कामे शिल्लक आहेत.