नाण्यावरचा तिबिर्य कैसर

कैसराला कर द्यावा की नाही, हा पेच घेऊन आलेल्यांकडे प्रभू येशूने नाणे मागितले आणि त्यावर मुखवटा कोणाचा, असे विचारले. हे शुभवर्तमान आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकले आहे. ते नाणे तिबिर्य कैसराचा चांदीचा दिनार असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण हा तिबिर्य होता कोण? पिलाताचा धनी, एवढीच आपली ओळख.

त्याचा जन्म इ.स.पूर्व ४२ सालचा. तो तीन वर्षांचा असताना त्याची आई लिव्हिया हिने ऑगस्टसशी दुसरे लग्न केले. योसेफ आणि मरिया ज्याच्या हुकुमाने नावनिशीसाठी बेथलेहेमला गेली, तोच हा ऑगस्टस कैसर. त्याने तिबिर्याला प्रिय पत्नी व्हिप्सानिया सोडायला लावली आणि आपल्या मुलीशी त्याचे लग्न लावले. पुढे एकदा व्हिप्सानिया दिसताच तिबिर्य डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे पाहत राहिला. त्यानंतर ती त्याच्या नजरेस पडणार नाही, अशी काळजी घेतली गेली!

इ.स. १४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो सम्राट झाला. त्याचा दिनार जेमतेम पावणेचार ग्रॅमचा, म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि तो देव झालेल्या ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख. दुसऱ्या बाजूला राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. कोणी तिला शांतिदेवता म्हणतात, कोणी लिव्हिया. शेजारी तिबिर्याची पदवी : पोंतिफेक्स माक्सिमुस, रोमचा मुख्य पुरोहित. (हीच पदवी पुढे पोप महोदयांच्या नावाशी जोडली गेली.) मूर्ती न करण्याची आज्ञा पाळणाऱ्या यहुदी माणसाला हे नाणे हातात धरताना काय वाटत असेल!

आम्हाला नवल वाटते ते पुढेच. इ.स. २५ मध्ये स्पेनच्या लोकांनी त्याचे मंदिर बांधायची परवानगी मागितली, तेव्हा आपण मर्त्य माणूस आहोत असे सांगून त्याने ती नाकारली. स्मुर्णा शहराला मात्र परवानगी मिळाली, आणि नाण्यावरचा लेखही त्याने कधी बदलला नाही.

इ.स. २६ मध्ये रोम सोडून तो काप्री बेटाकडे गेला. इ.स. २९ मध्ये आई वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीलाही आला नाही. इ.स. ३७ च्या मार्चमध्ये तो मरण पावला. रोमच्या सभेने त्याला देवपद दिले नाही. त्याचे दिनार मात्र मिरीच्या व्यापारातून आपल्या देशात आले. तामिळनाडूत कोइमतूरच्या परिसरात ते जमिनीतून निघाले आहेत.