जोतीराव फुले आणि त्यांचे मुसलमान शेजारी

पुण्याचे जोतीराव गोविंदराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. मुलींच्या शाळा, अस्पृश्यांना खुला केलेला पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज ही त्यांची कामे शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस तिचीच अधिक गरज आहे असे आम्हांस वाटते. ती बाजू म्हणजे मुसलमानांविषयी त्यांचे वागणे व विचार.

आपली स्थिती कशी आहे ती पाहा. एखाद्या गावी आपली पाचदहा घरे असतात. त्याच गावी पिंजारी, आतार, मुलाणी अशी मुसलमानांची दोनचार घरे असतात. दोघेही संख्येने थोडे. कधी पारावर त्या दोनचार घरांविषयी वाईट बोलणे निघते, त्यांच्या दुकानी कोणी जाऊ नये अशी कुजबुज कानी येते, आणि आपल्या उपदेशकापुढे प्रश्न उभा राहतो की, आता बोलावे की गप्प बसावे? बोलल्यास आपणांवरही रोष ओढवेल, गप्प बसल्यास आपली घरे तरी निभावतील, असा हिशेब मनात येतो. अशा वेळी जोतीरावांचे चरित्र आपल्या समोर असावे, एवढ्यासाठी ते येथे थोडक्यात देत आहो.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ साली झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई ही बाळ तान्हे असतानाच वारली, आणि सगुणाबाई या नात्यातील बाईंनी त्यांचा सांभाळ केला. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या मुलास विद्या कशाला, शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, असे लोकांनी त्यांच्या मनात भरविले, आणि मुलाची शाळा सुटली. खुरपे व मोट हीच त्याची पाटी झाली.

शेजारी दोन गृहस्थ राहत असत. एक गफार बेग मुनशी, उर्दू व फारशीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती साहेब. या मुलाची बुद्धी वाया जात आहे हे या दोघांनी ओळखले. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि सन १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. वाचकहो, या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. ज्या पुरुषाने पुढे हजारोंच्या घरी विद्येचा दिवा लावला, त्याच्या हाती ती वात एका मुसलमानाने व एका ख्रिस्ती माणसाने मिळून दिली. मूल त्यांच्या धर्माचे नव्हते, जातीचे नव्हते, नात्याचेही नव्हते. ते शेजारचे होते, एवढेच त्यांस पुरेसे वाटले.

मिशनच्या शाळेत जोतीरावांनी सन १८४७ पर्यंत अभ्यास केला. तेथे त्यांस निरनिराळ्या जातींचे मित्र मिळाले. पुढे अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि आपल्या गावीही असेच काम करावे हा निश्चय त्यांच्या मनात पक्का झाला. सन १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे यांच्या वाड्यात, त्यांनी मुलींची शाळा उघडली. पत्नी सावित्रीबाई यांस त्यांनी स्वतः शिकविले व त्या शाळेत शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकण्यात येई.

या कामाचा रोष शेवटी घरावर आला. लोकनिंदेस भिऊन गोविंदरावांनी सन १८४९ साली मुलास व सुनेस घराबाहेर काढले. त्या वेळी पुण्यातील उस्मान शेख यांनी या जोडप्यास आपल्या येथे जागा दिली, असे चरित्रकार सांगतात. बापाने दार लावले, तेव्हा मुसलमान मित्राने दार उघडले. फातिमा शेख या मुसलमान बाई सावित्रीबाईंबरोबर शाळेच्या कामात होत्या. सन १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावास गेल्या असता त्यांनी पतीस पत्र लिहिले, त्यात आपल्या मागे सर्व काम फातिमेवर पडले असेल याची काळजी त्यांनी दाखविली आहे. ज्या बाईचे कष्ट दुखण्यातही आठवावेत, ती केवळ ओळखीची नसते; ती बहिणीच्या ठिकाणी असते.

येथे कोणी म्हणेल की, जोतीरावांस स्वतःचे असे मत नसेल, म्हणून सर्वांशी त्यांचे जमत असे. तसे मुळीच नव्हते. त्यांच्याइतका परखड लेखक मराठीत थोडाच झाला असेल. सन १८७३ साली त्यांनी गुलामगिरी हे पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. देव एक, तोच सर्वांचा निर्माणकर्ता, आणि त्याच्या व मनुष्याच्या मध्ये भटाची गरज नाही, हे त्यांचे शिकवणे होते. मुसलमान बादशहांच्या ऐषआरामावरही त्यांनी टीका केली. म्हणजे त्यांचा आदर हा स्तुतिपाठ नव्हता. जे खोटे वाटे त्यास ते खोटे म्हणत, पण त्यावरून एखाद्या माणसास किंवा त्याच्या सर्व समाजास नीच मानीत नसत.

उलट त्यांनी इस्लामाकडे निर्मळ दृष्टीने पाहिले. महंमद पैगंबरांवर त्यांनी मराठीत पद्यरचना केली. या देशातील अनेक शूद्रातिशूद्र त्या धर्मात का गेले, याचे कारण त्यांनी केवळ तलवारीत शोधले नाही. ज्यांस कोणी पंक्तीस घेत नव्हते, त्यांस तेथे बरोबरीने बसता आले, हे त्यांनी ओळखले. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे ज्या दुःखातून निघून प्रभू येशूच्या पायांशी आले, तेच दुःख हे होय. मग ज्या शेजाऱ्याच्या पूर्वजांनी तेच भोगले, त्यास आपण परका कसा समजावा?

जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. प्रभू येशूविषयी त्यांच्या लिखाणात मोठा आदर आहे, तरी ते आपल्या मंडळीत आले नाहीत. परंतु सन १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला व महाराष्ट्रात गहजब उडाला, तेव्हा सन १८८५ साली आपल्या सत्सार या नियतकालिकात त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ज्यास तो धर्म स्वतः घ्यावयाचा नव्हता, त्याने तो घेणारीचा हक्क राखला. आपणांस हे गोड वाटते. मग तोच हक्क आपण दुसऱ्याचा राखतो काय?

सन १८८८ साली मुंबईस लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. तरी त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. ते त्यांच्या मागून सन १८९१ साली छापून निघाले. त्या ग्रंथात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. घरातील बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा. नवऱ्याने पवित्र शास्त्र वाचून ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे. मुलाने सत्यधर्मी व्हावे. आणि या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एकाच घरी प्रेमाने राहावे, असा त्याचा आशय आहे.

आमच्या वाचकांस हा विषय पुस्तकातला वाटणार नाही. आपल्यापैकी कितीएकांची आई जुन्या धर्मात आहे, भाऊ दुसऱ्या वाटेने गेला आहे, आणि सणावारी एकत्र बसावे की नाही याचे कोडे दरवर्षी पडते. तारण ख्रिस्ताठायी आहे ही आपली साक्ष आपण सोडावयाची नाही. पण साक्ष देणे निराळे आणि थट्टा करणे निराळे. शोमरोन्याची गोष्ट सांगताना प्रभूने शोमरोन्यास आधी यहूदी करून घेतले नाही; तो जसा होता तसाच त्याचा चांगुलपणा दाखविला.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. परंतु राहत्या जागी पुरण्यास परवानगी मिळाली नाही व दहन करावे लागले. मेलेल्यास पुरण्याच्या जागेची अडचण आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती लोक जाणतात, आणि मुसलमानही जाणतात. यासाठी आमचे सांगणे एवढेच आहे. गावात कोणी मुसलमानांच्या दफनाच्या जागेस हरकत घेतली, तर आपल्या पंचांनी त्यांच्या बाजूने उभे राहावे. पारावरची ऐकीव निंदा आपल्या तोंडून पुढे जाऊ नये. रमजानात शेजारी उपास करीत असता त्याचा मान राखावा. मालेगावच्या मागावर विणलेले पातळ आपल्या घरी येते, त्या विणकराच्या कष्टांची जाणीव मुलांस द्यावी. शेजाऱ्याचे हुशार मूल पैशावाचून किंवा कोणाच्या सांगण्यावरून घरी बसले असेल, तर गफार बेग मुनशींप्रमाणे त्याच्या बापाकडे जाऊन बोलावे. आणि कोणाचे दार बंद झाले असेल, तर आपले उघडे असावे, मग रोष येवो की न येवो.

हे सर्व बोलण्याइतके सोपे नाही, हे आम्ही जाणतो. ज्याने आम्हां सर्वांस एका रक्तापासून निर्माण केले, तो परमेश्वर आमच्या मंडळ्यांस यासाठी धैर्य देवो.