विश्लेषण : कापसातला ओलावा आणि महारेणूंचा शोध… कोण होते हर्मान स्टाउडिंगर?

मूर्तिजापूर परिसरात शेतकरी कापूस विकायला नेतो, तेव्हा आधी ओलावा तपासला जातो. सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतलाच जात नाही. कापूस हवेतले पाणी एवढे का धरतो? याचे उत्तर त्याच्या रेणूंच्या रचनेत आहे. पण कापसाचा रेणू केवढा असतो, यावरच शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद होता. तो वाद अंगावर घेणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे हर्मान स्टाउडिंगर.

सुरुवात कशी झाली?

स्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील वर्म्स येथे झाला. त्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ व्हायचे होते. वनस्पती नीट समजायच्या तर आधी रसायनशास्त्र शिकावे, असा सल्ला मिळाला आणि ते त्याच विषयात रमले. १९०३ मध्ये हाले येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९१२ मध्ये ते झुरिकच्या नामांकित तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तोवर त्यांचे नाव झाले होते.

वाद नेमका काय होता?

रबर, कापसातील सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे गठ्ठे असून दुबळ्या आकर्षणाने ते एकत्र राहतात, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये वेगळी मांडणी केली. हजारो अणू पक्क्या रासायनिक बंधांनी जोडून एकच लांब साखळी बनते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा साखळीला त्यांनी महारेणू म्हटले. ही कल्पना सोडून द्या, असा सल्ला त्यांना ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी तो मानला नाही.

पुरावा काय दिला?

रबराच्या रेणूतील दुहेरी बंधांमुळे गठ्ठे बनतात, असा विरोधकांचा दावा होता. स्टाउडिंगर यांनी १९२२ मध्ये रबरात हायड्रोजन मिसळून ते दुहेरी बंधच काढून टाकले. गठ्ठे सुटायला हवे होते, पण पदार्थाचे गुण जवळपास तसेच राहिले. १९२६ मध्ये ते फ्रायबुर्गला गेले. १९२८ पासून त्यांच्या पत्नी, वनस्पतिशास्त्रज्ञ माग्दा संशोधनातही सोबतीला होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्धाविरोधी भूमिका घेतली होती. तिचा ठपका ठेवून नाझी राजवटीत, १९३४ मध्ये, त्यांच्या बडतर्फीची शिफारस झाली. नोकरी वाचली, पण नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली.

मग दुबळे बंध खोटे ठरले का?

नाही. ज्या १९२० मध्ये स्टाउडिंगर यांनी साखळी मांडली, त्याच वर्षी अमेरिकेत लॅटिमर आणि रोडबुश यांनी हायड्रोजन बंधाची कल्पना मांडली. साखळी पक्क्या बंधांनी बनते आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. कापसाच्या एका साखळीत ग्लुकोजचे सुमारे १० हजार घटक असू शकतात आणि प्रत्येकावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. या जोड्याच पाणी धरतात. सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री केली की जुने बंध सुटतात, नवे जुळतात आणि चुण्या जातात.

आज हे कसे तपासतात?

अवरक्त किरणांनी. बंध स्प्रिंगसारखे कंप पावतात आणि ठरावीक किरण शोषतात. ऑक्सिजन-हायड्रोजनची मोकळी जोडी ३६०० च्या आसपासच्या तरंगसंख्येला किरण शोषते. ती हायड्रोजन बंधात अडकली की हा आकडा ३३०० च्या आसपास उतरतो. स्टार्च आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांसारखी दोन पॉलिमर मिसळून पातळ फिल्म बनवली, की आधी दोघांचे वेगवेगळे आणि नंतर मिश्रणाचे आलेख काढतात. मिश्रणाचा पट्टा सरकला असेल, तर दोघांच्या साखळ्यांनी एकमेकींना धरल्याचा तो संकेत असतो. दोन पॉलिमर एकजीव झाली नाहीत, तर फिल्म धुरकट होते आणि सहज फाटते.

मान कधी मिळाला?

१९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, स्टाउडिंगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तोवर नायलॉन घरोघरी पोहोचू लागले होते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. कापूस, रबर, नायलॉन आणि प्लास्टिक यांचा अभ्यास आज एकाच शास्त्रात होतो. त्याचा पाया त्यांनी मांडलेली लांब साखळी हाच आहे.