दृष्टी गेली, दीपगृहे उजळली

शिवाजी पार्कच्या गल्लीत जुन्या इमारतीचे काम निघाले, की फाटकाशी वेल्डिंगचे दोन सिलिंडर दिसू लागतात. काळा ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा. हा मरून सिलिंडर सुरक्षित व्हावा म्हणून झटलेल्या गुस्ताफ दालेन या स्वीडिश अभियंत्याचे दोन्ही डोळे त्याच वायूने घेतले.

दालेन यांचा जन्म १८६९ मध्ये स्टेनस्टॉर्प येथे शेतकरी कुटुंबात झाला. घरचा दूधधंदा सांभाळताना त्यांनी दुधातील स्निग्धांश मोजणारे यंत्र बनवले. ते पाहून नामवंत संशोधक द लावाल यांनी त्यांना आधी शिक्षण पूर्ण करायला सांगितले. १८९६ मध्ये दालेन अभियंता झाले.

त्या काळी दीपगृहांत ॲसिटिलीन वापरू लागले होते. पण हा वायू नुसता दाबून भरला, तर हवा नसतानाही त्याचा स्फोट होतो. तो ॲसिटोनमध्ये विरघळतो, हे फ्रान्समध्ये कळले होते. तरी सिलिंडरमधल्या रिकाम्या जागेचा धोका उरत होता. दालेन यांनी ती जागा भरून काढणारा सच्छिद्र पदार्थ तयार केला. ॲसिटोन त्यात स्पंजात पाणी मुरावे तसा मुरतो. उजाडताच दिवा आपोआप बंद करणारी झडपही त्यांचीच.

सप्टेंबर १९१२ मध्ये सिलिंडरच्या सुरक्षिततेची चाचणी घेताना स्फोट झाला. भाऊ आल्बिन नेत्रतज्ज्ञ होते, तरी दृष्टी वाचली नाही. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल दालेन यांच्या वतीने या भावानेच स्वीकारले. दालेन मात्र खचले नाहीत. १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘आगा’ कंपनी सांभाळत राहिले. कमी इंधनात चालणारी प्रसिद्ध शेगडी त्यांनी अंधत्वातच घडवली.

आजही ॲसिटिलीनच्या सिलिंडरची रचना याच तत्त्वावर असते. म्हणूनच तो उभा, साखळीने बांधून, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवावा. आडवा वापरल्यास ॲसिटोन बाहेर येऊ शकते. साठवताना ऑक्सिजनचे सिलिंडर सुमारे सहा मीटर दूर ठेवावेत किंवा मध्ये आगरोधक भिंत असावी. ऑक्सिजनच्या झडपेला तेल-ग्रीस लावू नये. काम संपल्यावर झडप बंद करून टोपी बसवावी. आगीत तापलेला ॲसिटिलीनचा सिलिंडर बाहेरून थंड वाटला, तरी आत वायूचे विघटन चालू असू शकते. त्याला हात न लावता सर्वांनी लांब जावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.