पगाराची तारीख आणि प्लेगचे साल

रविवारची सकाळ आहे. चहाचा दुसरा कप झाला असेल, पुरवणी हातात असेल आणि आज कामावर जायचे नाही या जाणिवेने घर थोडे सैलावले असेल. मुंबईच्या गिरणी कामगाराला ही सुटी १८९० साली मिळाली, आणि ती मिळवून देण्याचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना आपण देतो, ते योग्यच आहे. मला मात्र आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते वेगळ्या कारणाने. लोखंडे प्लेगने गेले. त्या प्लेगच्या साथीत मुंबईचे गिरणीमालक आणि त्यांचे कामगार यांच्यात जे घडले, ते समजून घ्यायचे तर लोखंडे यांच्या एका दुसऱ्याच मागणीकडे पाहावे लागते. ती मागणी होती वेळेवर पगाराची.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले, फुलमाळी समाजाचे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत, पोस्टात नोकऱ्या केल्या आणि पुढे ते मुंबईच्या एका कापड गिरणीत कारकून म्हणून लागले. गिरणीत कारकून म्हणजे मालकाच्या बाजूचा माणूस. हजेरी, खाडे, दंड, पगार हे सारे कागदावर उतरते ते तिथे. त्या काळी विजेचे दिवे नव्हते, म्हणून कामाचे तास सूर्यावर ठरत. उन्हाळ्यात दिवस मोठा, की काम मोठे. तेरा तेरा तास उभे राहून झाले, की रविवारी पुन्हा यंत्रे पुसायला यायचे. लोखंडे हे रोज पाहत होते. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे संस्कार त्यांच्यावर झाले होते. पाहिलेले विसरून घरी जाणे त्यांना जमले नाही.

१८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले होते. ते बंद पडायची वेळ आली तेव्हा, १८८० मध्ये, लोखंडे यांनी ते मुंबईला आणून आपल्या हाती घेतले. पुढे १८८४ साली कारखान्यांच्या चौकशीसाठी सरकारने कमिशन नेमले. त्या सप्टेंबरमध्ये लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. सभेत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे पडले. याच वर्षी त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. तिला आजच्या अर्थाने युनियन म्हणता येणार नाही. सभासदांचे रजिस्टर नव्हते, वर्गणी नव्हती, नियमावलीही नव्हती. अर्ज लिहिणारा, सभा भरवणारा, साहेबांपुढे जाऊन बोलणारा एक माणूस होता, आणि त्याच्यावर हजारो लोकांचा विश्वास होता.

त्या अर्जात पाच गोष्टी होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. कामावर जबर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची तजवीज. पाचवी मागणी अशी, की महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा.

ही शेवटची मागणी वाचताना मी थबकलो होतो. पंधरा तारीख! म्हणजे जानेवारीच्या पहिल्या दिवशी केलेल्या कामाचे पैसे फेब्रुवारीच्या मध्याला मिळावेत, एवढीच विनंती. त्याहूनही उशीर होत होता, म्हणून ती करावी लागली. कामगाराचा महिना-दीड महिन्याचा घाम कायम गिरणीत जमा असे. तोवर घर चाले वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. शिवाय सूचना न देता काम सोडले, की ती थकलेली मजुरी बुडे. पैसे उशिरा देण्यात मालकाचा हिशेब होताच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणूस त्यामुळे बांधलेला राहत असे.

रविवारची मागणी पुढे फळाला आली. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंडे यांनी भरवलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची विश्रांती आली. पगाराची तारीख आणि दुखापतीची भरपाई मात्र अर्जातच राहिली.

आणि मग प्लेग आला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतला रोगी तपासून हा प्लेग असल्याचे जाहीर केले. गोदीजवळचा, धान्याच्या वखारींचा आणि उंदरांचा तो भाग. हिवाळ्यात साथ शहरभर पसरली. एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्या चाळींतून ती कशी पसरली असेल, हे सांगायला नको. रोगापेक्षा रोग्याला उचलून नेणाऱ्यांची धास्ती मोठी होती. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो या धास्तीतूनच. लोक बोटीने कोकणात, रेल्वेने घाटावर निघाले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीचे शहर. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली होती.

आता गिरणी कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शेजारच्या खोलीत माणूस दगावला आहे. बायको म्हणते, पोरांना घेऊन गावी जाऊ. पण महिन्या-दीड महिन्याचा पगार गिरणीत अडकला आहे. गेलो तर तो बुडाला, राहिलो तर जीव जाईल. लोखंडे यांनी बारा वर्षांपूर्वी मागितलेली ती तारीख अशा वेळी जीवन-मरणाची झाली. अनेकांनी पैशांवर पाणी सोडले आणि वाट धरली. जे मागे राहिले त्यांनी एकच अट घातली: आजच्या कामाचे पैसे आजच. उद्याचा भरवसा कुणी द्यायचा?

आणि मालकांनी ते दिले. साचे बंद पडण्याची वेळ आली तेव्हा गिरण्यांतून रोजच्या रोज पगार होऊ लागला. नाक्यानाक्यावर गिरण्यांची माणसे उभी राहून कामगारांसाठी चढाओढीने बोली लावू लागली. पंधरा तारखेला पगार देणेसुद्धा जिथे जड वाटत होते, तिथे तो संध्याकाळी मिळू लागला! हिशेब तेच, कारकून तेच, तिजोरी तीच. अशक्य असे काही नव्हतेच, हे प्लेगने दाखवून दिले.

पण याला माणुसकी म्हणायला माझे मन धजत नाही. साथीचा जोर ओसरला, गावची माणसे परतू लागली, तसे मालकही जुन्या वहिवाटीकडे वळले. नड होती तोवर रोजचा पगार, नड संपली की पुन्हा थकबाकी. संकटाच्या धाकाने मिळालेले संकटाबरोबरच गेले. रविवारची सुटी तशी गेली नाही, कारण ती आधी मागून, ठरवून घेतलेली होती आणि कायद्यात बसली होती.

लोखंडे यांनी यातले थोडेच पाहिले. तोवर ते रावबहादूर झाले होते, जस्टिस ऑफ द पीस होते. मनात आणले असते तर शहर सोडून जाणे त्यांना कठीण नव्हते. ते राहिले. प्लेगग्रस्तांच्या मदतीला धावताना त्यांनाही प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या.

त्यांच्या राहिलेल्या दोन मागण्यांचे पुढे काय झाले? कामावरील दुखापतीच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. पगार ठरावीक तारखेच्या आत देण्याचे बंधन १९३६ च्या कायद्याने आले. अर्ज केल्यापासून बावन्न वर्षांनी. २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे.

हे सारे इतिहासातले म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण २०२० साल आपण सगळ्यांनी पाहिले. तेव्हाही माणसे शहर सोडून निघाली, या वेळी पायी. टाळेबंदीतही मजुरांना पूर्ण वेतन द्यावे, असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्चला काढला आणि मे महिन्यात तो मागे घेतला. कारखानदारांवर टीका करणारे आम्ही मध्यमवर्गीय तेव्हा घरात बसून बातम्या पाहत होतो.

आणि आमच्या घरात काय चालले होते? धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आम्ही येऊ नका म्हणून सांगितले. पहिल्या महिन्याचा पगार पूर्ण दिला आणि आपण फार चांगले वागलो असे वाटून घेतले. दुसऱ्या महिन्यात अर्धा दिला. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला तेव्हा पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी नजर वळवली. आमची पेन्शन एक तारखेला जमा होत होती. बाईंनी तक्रार केली नाही, आणि करणार तरी कुठे? आमच्यात काही ठरलेलेच नव्हते. संकटात आम्ही काय द्यायचे, ते आमच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून होते.

पुढे त्या कामावर परतल्या तेव्हा राहिलेले पैसे आम्ही दिले, आणि एक गोष्ट ठरवून टाकली: काम आमच्याकडून बंद राहिले तर पगार पूर्ण, आणि तारीख पाच. एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. हसू येण्याइतकी लहान गोष्ट आहे ही. पण साडेपाच हजार माणसांनी अंगठे उठवून मागितली होती, तीही कॅलेंडरावरची एक तारीखच होती.