जॉर्ज बूल : एक शाळामास्तर

इ. स. १९८२ सालीं इंग्लंडांत स्पेक्ट्रम नांवाचा एक लहानसा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याच्या कळा रबराच्या होत्या; पडदा म्हणून घरांतलाच टेलिव्हिजन जोडावा लागे; आणि लिहिलेला प्रोग्रॅम जपून ठेवण्यासाठीं गाण्याच्या कॅसेटचा उपयोग करीत. बी. बी. सी. मायक्रो व कमोडोर ६४ हीं त्याचींच भावंडें. आपल्या देशांत १९८४ सालीं शाळांमधून संगणक शिकविण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हां बी. बी. सी. मायक्रोच आणण्यांत आले होते. ज्या पालकांनीं त्या वेळीं त्यांवर बोटें चालविलीं असतील त्यांस तें काळ्या कळांचें यंत्र अजून आठवत असेल. पुढें दहा-पंधरा वर्षांत हीं सारीं यंत्रें अडगळींत पडलीं. त्यांच्यासाठीं मुद्दाम घडविलेल्या चिप्स निघेनाशा झाल्या, आणि अशी एखादी चिप बिघडली कीं यंत्र मुकें होऊन बसे.

असें असूनही हौशी मंडळी हे जुने संगणक पुन्हां उभे करीत आहेत, आणि तेही तळहाताएवढ्या फळीवरील एकाच चिपमध्यें. ही चिप नवी कोरी असते तेव्हां ती कोणत्याच कामाची नसते. सांगावें तें रूप ती घेते. सकाळीं स्पेक्ट्रम, तर सायंकाळीं कमोडोर, एखाद्या बहुरूप्याप्रमाणें! ज्या विद्येच्या बळावर हें घडतें, ती ज्या गृहस्थानें जगास दिली तो १८६४ सालींच वारला. त्याच्या घरांत विजेचा दिवाही नव्हता. पोटासाठीं शाळामास्तरकी करणाऱ्या ह्या जॉर्ज बूलची हकीकत शाळेच्या अंकांत शोभण्यासारखी आहे, म्हणून ती येथें सांगत आहें.

जॉर्जचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजीं इंग्लंडांतील लिंकन या गांवीं झाला. बाप जॉन बूल हा जोडे शिवण्याचा धंदा करी. परंतु त्याचें चित्त जोड्यांत फारसें नसे. दुर्बिणी व तत्सम उपकरणें तयार करण्याचा त्याला मोठा नाद. अशा माणसाचा धंदा किती चालणार? तो चालला नाहीं. पण गणिताची गोडी मात्र मुलाच्या अंगीं पुरती उतरली. गांवांतील एका पुस्तकविक्यानें जॉर्जला लॅटिन शिकविलें. ग्रीक तो आपलें आपणच शिकला. चौदाव्या वर्षीं त्यानें एका ग्रीक कवितेचें पद्य भाषांतर केलें व तें स्थानिक वर्तमानपत्रांत छापून आलें. तेव्हां एका विद्वान शिक्षकानें शंका काढली कीं, हें काम चौदा वर्षांच्या पोराचें असणें शक्यच नाहीं. आम्हां शिक्षकांच्या हातून असा अन्याय अजूनही केव्हां केव्हां होतो, हें कबूल केलें पाहिजे.

सोळावें वर्ष लागलें न लागलें तोंच बापाचा धंदा बुडाला. जॉर्ज हा चार भावंडांत वडील. शिकावयाच्या वयांत तो डॉनकॅस्टर येथील एका शाळेंत दुय्यम शिक्षक म्हणून शिकवावयास उभा राहिला, आणि तेव्हांपासून साऱ्या घराचा भार त्याच्या शिरीं आला. असें सांगतात कीं, त्यानें गणिताकडे आपला मोर्चा वळविला याला गरिबी हेंही एक कारण होतें. कादंबरी दोन दिवसांत संपते, आणि मग दुसरी घेण्यास पैसे हवेत. गणिताचें पुस्तक मात्र एकदां घेतलें कीं महिनेच्या महिने पुरतें! लाक्र्वा या फ्रेंच गणित्याचा कलनशास्त्रावरील ग्रंथ त्यानें असाच एकट्यानें, कोणी समजावून देणारा नसतां, चिकाटीनें वाचून काढला.

१८३४ सालीं, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बूल यांनीं लिंकन येथें स्वतःची शाळा काढली. दिवसा शाळा आणि रात्रीं अभ्यास, असा क्रम पुढें पंधरा वर्षें चालला. केंब्रिज येथून निघणाऱ्या गणितविषयक नियतकालिकांत त्यांचे लेख येऊं लागले. आपणही केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी हा विचार त्यांच्या मनांत आला नसेल असें नाहीं. पण शाळा बंद केली तर घरच्यांनीं खावें काय? ते गेले नाहींत. १८४४ सालीं त्यांच्या एका निबंधास रॉयल सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें, तेव्हांही दुसऱ्या दिवशीं मुलांचे धडे तपासावयाचे होतेच. दुकानांतील नोकरांस रात्रीं उशिरापर्यंत राबावें लागे, त्यांचे कामाचे तास कमी व्हावे म्हणून गांवांत जी चळवळ झाली तींतही ते हिरीरीनें पडले होते. ज्याला स्वतःला वाचण्यासाठीं झोप मोडावी लागली, त्याला दुसऱ्याच्या फुरसतीची किंमत ठाऊक असावी यांत नवल तें काय?

१८४७ सालीं त्यांनीं तर्कशास्त्राचें गणिती विवेचन करणारें एक छोटेखानी पुस्तक लिहिलें आणि १८५४ सालीं विचारांच्या नियमांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील मूळ कल्पना आमच्या आठव्या इयत्तेच्या मुलांसही समजेल. क्ष म्हणजे सर्व पांढऱ्या वस्तु, आणि य म्हणजे सर्व मेंढ्या, असें माना. मग क्ष व य यांचा गुणाकार म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. आतां क्षला क्षनेंच गुणिलें तर काय होईल? पांढऱ्या वस्तूंपैकीं पांढऱ्या वस्तु, म्हणजे पुन्हां क्षच! साध्या अंकगणितांत असें होत नाहीं. पांचाला पांचानें गुणिलें कीं पंचवीस होतात. स्वतःला स्वतःनें गुणिलें असतां जशीच्या तशी राहणारी संख्या कोणती? फक्त दोनच : शून्य आणि एक. बूल यांनीं शून्य म्हणजे कांहींच नाहीं व एक म्हणजे सर्व कांहीं, असें ठरविलें. एकांतून क्ष वजा केला कीं जें पांढरें नाहीं तें सर्व उरतें. आणि, किंवा, नाहीं हे आपल्या बोलण्यांतले तीन शब्द अशा रीतीनें बीजगणितांत येऊन बसले. तर्क करणें ही पंडितांच्या वादाची बाब न राहतां हिशेबाची बाब झाली.

दरम्यान १८४९ सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथें नवीन निघालेल्या क्वीन्स कॉलेजांत त्यांची गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विद्यापीठाची एकही पदवी जवळ नसतां ही जागा मिळाली, हें निवडणाऱ्यांसही भूषणावह आहे. तेथील त्यांच्या तंद्रीची एक आख्यायिका आहे. वर्गांत ते विचारमग्न होऊन येरझारा घालीत होते. मुलें आलीं, तासभर मुकाट्यानें बसलीं आणि निघून गेलीं. घरीं येऊन त्यांनीं सांगितलें कीं, आज वर्गाला कोणीच आलें नाहीं!

१८५५ सालीं त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशीं झाला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचें प्रचंड काम ज्यांनीं पुढें नेलें, आणि ज्यांचें नांव हिमालयाच्या अत्युच्च शिखरास पुढें देण्यांत आलें, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ही पुतणी. मेरीबाईही गणिताच्या जाणकार होत्या. या दांपत्यास पांच मुली झाल्या.

१८६४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस एके दिवशीं बूल घरून कॉलेजला पायीं निघाले. अंतर सुमारें तीन मैल. वाटेंत मुसळधार पावसानें त्यांस गांठलें. ते परतले नाहींत. तशाच ओल्या कपड्यांनिशीं त्यांनीं व्याख्यान दिलें. तापानें अंग धरलें, फुप्फुसांस सूज आली. ज्या कारणानें रोग झाला त्यानेंच तो बरा होतो, अशा समजुतीनें मेरीबाईंनीं त्यांस ओल्या चादरींत गुंडाळलें, असें सांगतात. त्या माउलीला दोष देण्याचें आम्हांस धैर्य होत नाहीं. ८ डिसेंबर रोजीं, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, बूल निवर्तले. थोरली मुलगी तेव्हां आठ वर्षांची होती, धाकटी सात महिन्यांची. मेरीबाईंनीं लंडनमधील एका स्त्रियांच्या कॉलेजांत ग्रंथपालाची नोकरी धरून मुली वाढविल्या. त्यांपैकीं ॲलिशियानें चतुर्मित भूमितींत नांव मिळविलें, लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली, आणि धाकटी एथेल कादंबरीकर्त्री म्हणून प्रसिद्धीस आली.

बूल यांचें बीजगणित मात्र बराच काळ तर्कपंडितांच्या कपाटांतच राहिलें. १९३७ सालीं अमेरिकेंत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलें कीं, विजेची कळ एक तर बंद असते, नाहीं तर चालू. म्हणजे शून्य किंवा एक! दोन कळा एकापुढें एक जोडल्या कीं आणि होतो, शेजारीं शेजारीं जोडल्या कीं किंवा होतो. तेव्हांपासून मंडलें आंखण्याचें काम कागदावर समीकरणें सोडवून होऊं लागलें, आणि संगणकाचा पाया त्यावरच रचला गेला.

बहुरूपी चिप म्हणजे ह्याच समीकरणांची कोरी वही होय. १९८५ सालीं झायलिंक्स या अमेरिकन कंपनीनें अशी पहिली चिप काढली. तिच्यांत चौसष्ट ठोकळे होते. आजच्या चिपमध्यें ते हजारोंनीं, लाखोंनीं असतात. ठोकळ्याच्या पोटांत एक कोष्टक असतें. चार तारा आंत येतात, प्रत्येकीवर शून्य किंवा एक. म्हणजे एकंदर सोळा प्रकार. कोणत्या प्रकाराला काय उत्तर द्यावयाचें तें सोळा घरांत भरून ठेवलें, कीं बूलचें हवें तें समीकरण त्या ठोकळ्यांत वास करूं लागतें. ठोकळ्यांस जोडणाऱ्या तारांची वाटही अशीच सांगावी लागते.

आधुनिक संगणकावर प्रोग्रॅम लिहून त्याला जुन्या यंत्राची नक्कल करावयास लावणें, हा निराळा मार्ग आहे. तेथें एकच नट सर्व पात्रांचीं सोंगें पाळीपाळीनें घेतो. या चिपमध्यें मात्र सर्व पात्रें रंगभूमीवर एकदमच उभीं असतात, आणि स्पेक्ट्रमच्या सेकंदास पस्तीस लक्ष ठोक्यांबरोबर आपापलें काम करितात. पण त्यासाठीं जुन्या चिपच्या पोटांत काय होतें तें कळावयास हवें. स्पेक्ट्रमच्या खास चिपची रचना कोणास नीट माहीत नव्हती. एका अभ्यासकानें सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्या अंतर्भागाचीं चित्रें घेऊन, एकेक तार अनुसरीत, तिचें सारें तर्कजाल उलगडलें व २०१० सालीं तें पुस्तकरूपानें छापलें. एवढें करूनही एखाद्या ठोक्याची चूक राहते, आणि मग जुना खेळ पडद्यावर वेडावांकडा दिसूं लागतो. पुन्हां शोध, पुन्हां दुरुस्ती.

सर्व जमलें म्हणजे कोष्टकें चिपमध्यें उतरविण्यास कांहीं सेकंद पुरतात. पडदा पांढरा होतो, आणि तळाशीं काळ्या अक्षरांत सिंक्लेअर कंपनीचें नांव व १९८२ हें साल उमटतें.